जोत्यावरचं घर

आमचं मळ्यातलं जुनं घर जमिनीवर नुसतं टेकवल्यासारखं होतं. विटांच्या भिंती, वर पत्रे, आणि दारातून बाहेर पाय टाकला की अंगण. मध्ये वीतभरही चढ नाही. जोराचा पाऊस झाला की दारात मातीचा बांध घालावा लागायचा, तेव्हा आई त्या घराला मनसोक्त नावं ठेवायची. मी मात्र तिथली राणी होते. लहानपणीच माझ्या दोन्ही पायांवरून वारं गेलेलं. त्याला पोलिओ म्हणतात हे घरच्यांना पुढं कळलं, मला त्याच्याही पुढं. मी हातांवर सरकत फिरायचे. सारवलेली जमीन तळहाताला गार लागायची, आणि चुलीपासून माठापर्यंत, माठापासून दारापर्यंत, दारातून थेट कडुलिंबाखाली माझा रस्ता कुठं अडत नसे. शाळेसाठी पायांना बांधायचे लोखंडी कॅलिपर आले, काखेत कुबड्या आल्या, तरी घरी आलं की ते सगळं काढून दाराशी ठेवायचं आणि सरकायला लागायचं. बाकीच्यांच्या चपलांच्या रांगेत माझे पायच काढून ठेवल्यासारखे दिसायचे. आईला ते बघवत नसे. मला त्यात काही वाटायचं नाही.

मळा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब, आणि बांधाच्या कडेनं घरापुरती मेथी-कोथिंबीर. शहर तेव्हा आमच्या बाजूला सरकत येत होतं, पण अजून विहिरीपर्यंत पोचलं नव्हतं. सकाळी आधी विहिरीवरची मोटर सुरू झाल्याचा आवाज यायचा, मग पाटातून पाणी चालल्याचा, मग आईच्या भाकरीचा. बाजरीची भाकरी, लसूण घालून परतलेली मेथी आणि खलबत्त्यातला ठेचा हा आमचा नाश्ता. पोहे-बिहे पाहुणे आले की. मग कडुलिंबाखाली गोणपाट पसरायचे आणि त्यावर फुलांचे ढीग पडायचे. आजूबाजूच्या बाया हार ओवायला यायच्या. सुई, दोरा, आणि तोंडं. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाच्या म्हशीनं काय खाल्लं, सगळं त्या हारांत ओवलं जायचं. बसून करायच्या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. दसऱ्याला माल उचलायला येणारे लोक अण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, विचारायचे, की पोरीनं ओवलेले कोणते? तेवढेच ते आधी गाडीत घालायचे. मी मान खाली घालून ओवत राहायचे, पण कान तिकडंच.

मग दादाचं लग्न ठरलं. माझा थोरला भाऊ. नाव भाऊसाहेब, तरी आम्ही दादाच म्हणायचो. मुलगी घोटीकडची, भातवाल्यांची. त्यांच्याकडची माणसं आमचं घर बघून गेली, काही बोलली नाहीत, पण जाताना त्यांच्यातला एकजण पत्र्याकडं बघत वाकून बाहेर पडला. अण्णांना ते वाकणं लागलं. त्याच हंगामात त्यांनी स्लॅबचं घर काढलं. शेजारच्यांनी नुकतं बांधलेलं घर उंच जोत्यावर होतं. आमचं त्याहून उंच झालं पाहिजे असं अण्णांनी मिस्त्रीला सांगितलं, आणि मिस्त्रीही उंच जोत्याचाच शौकीन निघाला. जोतं दादाच्या कमरेला लागलं. समोर रुंद पायऱ्या, वर ओटा, ओट्याला नक्षीचं कठडं. मला सगळं विचारून केलं हो. फरशी कोणत्या रंगाची, ओट्यावर कुठला दगड, माझ्या खोलीची खिडकी विहिरीकडं की झेंडूकडं. मी झेंडूकडं सांगितली. पायऱ्यांबद्दल त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. मी कडुलिंबाखाली बसून ते जोतं वर-वर जाताना बघत होते आणि आपलं घर किती उंच होतंय या विचारानं फुगत होते. आज लोक मला नकाशे दाखवायला आणतात आणि मी पहिली नजर दारापुढच्या जमिनीवर टाकते, तेव्हा त्यांना वाटतं ही बाई जन्मजात हुशार असावी. तसं काही नाही.

वास्तुशांतीला दादानं मला उचलून पायऱ्या चढवल्या. दोन्ही हातांवर आडवी, जशी फुलांची पाटी घेतात तशी. सगळे हसले, मीही हसले, माझ्या हातात कलशातली आंब्याची डहाळी होती. कुबड्या मागून कोणीतरी आणल्या. उंबऱ्यावरून आत जाताना माझं डोकं चौकटीला लागू नये म्हणून आईनं तळहात आडवा धरला होता, एवढं आठवतं.

त्यानंतर त्या घरात काय झालं हे सांगायला मला बरीच वर्षं लागली, कारण सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं. कोणी वाईट वागलं नाही. फक्त कडुलिंब खाली होता आणि मी वर होते, आणि मधल्या उंच पायऱ्या मला सरकतही चढता येत नव्हत्या, कुबड्यांवरही. सकाळी दादा मार्केटला जायच्या आधी मला खाली नेऊन ठेवायचा. हो, नेऊन ठेवायचा, दुसरा शब्द नाही. मग तो परत येईपर्यंत, किंवा अण्णा पाणी बंद करून येईपर्यंत, मी खालीच. आणि नव्या घरात संडास आत, वर. जुना, मळ्याच्या कडेचा, पाडून टाकलेला. आता तुम्ही बाईमाणूस असाल तर तुम्हाला पुढचं सांगावं लागणार नाही. मी सकाळचा चहा सोडला. मग पाणी कमी केलं. दुपारी बाया तांब्या पुढं करायच्या तर मी म्हणायचे, तहान नाही. बोलताना माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि मळ्यातला सगळा गोंगाट एकटीनं करणारी मी हळूहळू कमी बोलायला लागले. आईला वाटलं, पोरगी मोठी झाली. (आजही सरकारी कचेरीत एखादं काम असलं की माझ्यासारख्या कितीतरी बाया घरून पाणी न पिता निघतात. एखाद्या इमारतीत चाकाच्या खुर्चीवरली बाई ओठ ओले करून बाटली परत पिशवीत ठेवताना दिसली, की तिथला संडास कसा आहे हे मला न बघता कळतं.)

हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं असेल तर ते वहिनीच्या. नंदावहिनी. माप ओलांडून घरात आली आणि आठवडाभरात तिनं घराचा ताबा नाही घेतला, पण घराकडं नीट बघितलं. तिचं बोलणं घोटीकडचं, ठसक्यात. आम्हाला बाजरीची सवय, तर ती येताना माहेरच्या तांदळाचं पोतं घेऊन आली होती, आणि पहिल्याच दिवशी तिनं असा मऊ वासाचा भात केला की अण्णांनी भाकरी बाजूला सारली. आई त्यावर दोन दिवस धुसफुसली. वहिनी रोज सकाळी सगळ्यांना चहा द्यायची आणि माझा कप तसाच परत न्यायची. एक दिवस ती कप घेऊन माझ्यासमोर खालीच बसली.

“सुमनताई, माझ्या हातचा चहा आवडत नाय का तुम्हाला?”

मी म्हटलं, आवडतो.

“मग?”

मी खिडकीतून झेंडूकडं बघत राहिले. मग सांगितलं, की खाली असताना वर यावं लागलं तर दादाला हाक मारावी लागते. आणि दादा मळ्यात लांब असतो. वहिनीनं कप खाली ठेवला. कपावर साय धरली. शेवटी म्हणाली, “म्हंजे दिवसभर कोरड्या बसता?” आणि तो चहा स्वतःच पिऊन उठली, जसं काही कडू औषध प्यावं.

याच सुमारास माझा बारावीचा निकाल लागला होता. मला लहानपणापासून रेघा ओढायचा नाद. रांगोळी काढायला मी बसलेलीच असायचे, त्यामुळं अंगण माझंच. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एकदा माझी वही बघून म्हटलं होतं की तू घरांचे नकाशे काढशील. नकाशे काढणारं माणूस मी तोवर एकच पाहिलं होतं, आमच्याच घराच्या मंजुरीचा कागद घेऊन आलेलं, पण ते मनात बसलं. शहरात आर्किटेक्चरचं कॉलेज होतं, आणि त्यांच्या यादीत माझं नाव लागलं. रिक्षानं जायचं, रिक्षानं यायचं. दादा खूश, वहिनी खूश, आई देवापुढं साखर ठेवून आली. अण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. ते ती मळतच राहिले.

“सुमे, रोज सकाळी खाली न्यायचं, संध्याकाळी वर आणायचं. भाऊसाहेब मार्केटला गेलेला असला तर? माझी कंबर काय आता ती राहिली नाय. कॉलेज लय चांगलं हाय. पण उचलायचं कोणी?”

मी म्हणाले, “उचलायचंच नाही. उतार करा.”

हे मला कुठून सुचलं तर टेम्पोवरून. टेम्पोत फुलांचे क्रेट चढवायला आमच्याकडं एक जाड फळी होती, ती तिरकी लावायची आणि क्रेट वर ढकलायचे. क्रेट जातो तर मी का नाही. अण्णांनी ऐकून घेतलं, आणि त्यांचं एक होतं, मनात आलं की ते काम तसंच राहू द्यायचे नाहीत. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री हजर. पायऱ्यांच्या एका अंगाला उतार झाला. पण तोही झाला फळीसारखाच, आखूड आणि उभा. आणि पोरीसाठी करायचं तर ते घराच्या दर्शनी भागाला शोभलं पाहिजे म्हणून त्यावर लाल रंग टाकून कोबा केला, आणि मिस्त्रीनं तो असा घोटला की त्यात ओट्याचं कठडं उलटं दिसायचं. येणारे-जाणारे थांबून हात फिरवून बघायचे. अण्णांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी उतारावरून सरसर खाली गेलं, तेव्हाच खरं तर सगळ्यांना कळायला हवं होतं.

कॅलिपर बांधले, कुबड्या घेतल्या, आणि सगळा मळा खाली उभा असताना मी ओट्यावरून निघाले. दुसऱ्या की तिसऱ्या पावलाला कुबडीचं रबर सटकलं. नंतर मी खाली होते आणि हनुवटीखाली ओलं लागत होतं. बाया धावल्या. वहिनीनं पदराचं टोक दाबून धरलं. दादानं मला उचललं आणि पायऱ्यांवरून वर नेलं. हनुवटीला टाके पडले, तो व्रण अजून आहे. परगावच्या सभेत माझी ओळख करून देताना लोक पायांकडं बघायचं टाळतात आणि नेमके या व्रणाकडं बघतात.

संध्याकाळी अण्णा माझ्या खोलीच्या दारात आले, आत आले नाहीत. म्हणाले, “आता कॉलेजचं नाव काढू नको.” आवाज रागाचा होता. त्यांचे हात मात्र चौकटीवर उगाच फिरत होते. उद्या मिस्त्रीला सांगून तो उतार फोडून टाकतो, असंही म्हणाले. आई त्या रात्री जेवली नाही. मला वाटलं, संपलं. प्रवेश घ्यायला जायचे दिवस जवळ आले होते, आणि मी खिडकीशी बसून, पुढची सगळी वर्षं याच खिडकीतून झेंडू कसा दिसेल, याचा हिशोब करत होते.

त्या दिवसांत शेवंतीची लागण चालू होती. नव्या तुकड्यात पाणी न्यायला दादानं घाईत सरळ पाट काढला होता. मोटर सुरू झाल्यावर पाणी त्यात घुसलं आणि धडधडत खाली गेलं, कडा खात, रोपं लोळवत. अण्णा फावडं घेऊन धावले. मी ओट्यावर होते, मला सगळं दिसत होतं. त्यांनी दादाला झाडलं, पण हात कामात होते. इकडून माती ओढ, तिकडं वळण दे, इथं जरा रुंद कर म्हणजे पाणी थबकेल. बघता-बघता तो सरळ पाट नागमोडी झाला, आणि तेच पाणी, मघाशी घोड्यासारखं सुटलेलं, बैलासारखं चालायला लागलं. अण्णा नेहमीचंच वाक्य दादाला म्हणत होते, “पाणी चाललं पाहिजे, पळता कामा नये.” हे वाक्य मी जन्मापासून ऐकत होते. त्या दिवशी मात्र ते माझ्या हनुवटीच्या टाक्यांत जाऊन लागलं.

मी ओट्यावरून हाक मारली. “अण्णा, माझ्या उताराला असा ढाळ दिला होता का तुम्ही?”

त्यांनी वर बघितलं नाही. “तो उतार हाय. पाट नाय.”

“पाट असता तर तुम्ही मिस्त्रीला हात लावू दिला असता?”

दादा हसला आणि लगेच खाली वाकून माती ओढायला लागला. अण्णा फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. पाणी त्यांच्या पायांवरून चाललं होतं. मी आणखी बोलले असते, पण आत दारापाशी वहिनी उभी होती, तिनं बोट ओठांवर ठेवलं. अण्णांनी वाफ्याचं तोंड मातीनं बंद केलं, पुढच्याचं उघडलं, आणि लांब निघून गेले.

ऊन कलल्यावर ते आले ते हार ओवायच्या दोऱ्याचं रीळ घेऊन. एक टोक उंबऱ्याशी वहिनीच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन अंगणात उलटे चालत गेले. अंगण पुरेना. मग कोपऱ्यावर खुंटी ठोकली, वळले, आणि घराच्या अंगानं विहिरीच्या बाजूला निघाले. थांबायचे, बसून डोळा लावायचे, दोरा जरा खाली घ्यायचे. मला विचारायचे, “एवढा?” मी कुबडी टेकल्यासारखं करून बघायचे आणि म्हणायचे, अजून. असं आमचं अंधार पडेपर्यंत चाललं. दोरा आईच्या मोगऱ्याच्या आळ्यांवरून गेला. आम्ही सगळेच आईकडं बघायला लागलो, कारण तो मोगरा तिनं जुन्या घरापासून जपलेला होता. आई आत गेली. आम्हाला वाटलं, रागावली. ती खुरपं घेऊन बाहेर आली आणि मुळाभोवतीची माती मोकळी करायला बसली.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी तो दोरा बघून हबकला. म्हणाला, अण्णा, एवढं लांबडं? घराची शोभा जाईल, गुरांना वर न्यायला रस्ता केल्यासारखं दिसेल. अण्णा म्हणाले, दिसू द्या. त्यांनी लाल रंगाचा डबा परत पाठवला, आणि सिमेंट ओलं असतानाच स्वतः खराटा घेऊन आडवा ओढत गेले, खालपासून वरपर्यंत, म्हणजे रबराला धरायला चरे राहतील. वळणावर त्यांनी तो रुंद आणि सपाट ठेवला. पाट वळतो तिथं आपण ठेवतोच की, असं म्हणाले. कॉलेजात मला घरं बांधायला शिकवलं, पण उताराबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. बऱ्याच वर्षांनी त्याविषयीचं एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, त्यात वळणावर विसाव्याला सपाट जागा हवी असं आकृती काढून दिलं होतं, आणि मी ऑफिसात एकटीच हसत बसले. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या मुलामुलींना मी अजूनही पुस्तकाआधी एखाद्या मळ्यात पाणी धरायला पाठवते. ती कुरकुरतात, चिखल घेऊन परत येतात. सगळे रॅम्प म्हणतात, माझ्या तोंडात ढाळच बसलाय.

सिमेंटवर गोणपाट टाकून त्यावर रोज पाणी मारलं, आणि ते पुरतं पक्कं होईपर्यंत अण्णांनी कोंबडीलासुद्धा वर जाऊ दिलं नाही. मग एका सकाळी दादानं मला शेवटचं खाली नेलं. या वेळी नारळ नव्हता, कोणाला बोलावलं नव्हतं. बाया कडुलिंबाखाली होत्या, त्यांनी ओवणं थांबवलं नाही, फक्त बोलणं थांबवलं. अण्णा विहिरीपाशी पाठ करून काहीतरी करत होते, म्हणजे काहीच करत नव्हते. मी कुबड्या टेकल्या. रबर चऱ्यांत बसलं. एक कुबडी, दुसरी कुबडी, पाय. वळणापर्यंत आले तेव्हा खांदे भरून आले होते, तिथं टेकून उभी राहिले. तिथून मळा वेगळाच दिसत होता. झेंडू खाली, मी त्याच्या जरा वर, आणि मला कोणी धरलेलं नव्हतं. घाई नव्हती. दम खाल्ला आणि निघाले. कठडं आलं, ओटा आला, उंबरा आला. उंबऱ्यावरून कुबडी आत टाकणार, तेवढ्यात आतून आईचा आवाज आला, “थांब तिथंच.”

मला वाटलं, काही चुकलं. आई एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात तांब्या घेऊन आली. पाठोपाठ वहिनी, भिजल्या हातांची. आईनं तुकडा माझ्यावरून उतरवला, माझ्या खांद्यावरून मागं फेकला, पाणी उतरवलं, पायांवर ओतलं. कॅलिपरच्या बुटांत पाणी गेलं. नव्यानं घरात येणाऱ्याला करतात तसं सगळं. मी म्हटलं, आई, हे काय, मी कुठून आले? तिनं माझ्या डोळ्यांना ओला हात लावला.

“तेव्हा तुला आणलं होतं,” ती म्हणाली. “आली आज.”

वहिनीला गप्प बसवेना. म्हणाली, आता यांना माप ओलांडायला लावा आणि नाव घ्यायला सांगा. आईनं तिला दटावलं, पण दटावताना तिचा आवाज नीट निघाला नाही. खाली बाया एकदम बोलायला लागल्या. अण्णा विहिरीवर हात धूत होते, तिथूनच, कोणाकडं न बघता म्हणाले की रिक्षावाल्याला सांगून ठेवतो, उताराच्या तोंडापर्यंत गाडी आणत जा म्हणून.

मी उंबरा ओलांडून आत आले, भिंतीला टेकून बसले. ओले बूट काढून दाराशी सगळ्यांच्या चपलांत ठेवले. वहिनीनं न विचारता माझ्यापुढं चहा ठेवला, कप भरून, बशीत सांडेपर्यंत. मी तो शेवटपर्यंत प्याले. मग कप तिच्यापुढं केला आणि म्हटलं, अजून आहे का?